लेकीसुनांचा वारसा : तीन घराण्यांच्या इतिहासातून

कोणत्याही घराण्याचा इतिहास सांगावयाचा झाला की प्रथम वंशावळ पुढे केली जाते. आपल्या समाजात तिला शजरा म्हणतात. मूळ पुरुष कोण, त्याला पुत्र किती, त्या पुत्रांचे पुत्र कोण, अशी नावे पिढ्यानपिढ्या खाली उतरत येतात. ज्या स्त्रियांनी हे पुत्र वाढविले, घर राखले, वाईट दिवसांत अंगावरचे दागिने मोडून शेत वाचविले, त्यांची नावे त्या कागदावर बहुधा नसतात. असली तर 'अमुक यांची कन्या' किंवा 'अमुक यांची पत्नी' एवढीच नोंद असते. त्यामुळे घराण्याचे कर्तृत्व पुरुषाकडून पुरुषाकडेच येते, असे आपण न विचारता धरून चालतो.

मराठीत 'खाण तशी माती' अशी एक म्हण आहे. आई जशी तशी लेक, हा तिचा अर्थ. म्हण खोटी नाही, पण अपुरी आहे. गुण आपोआप, रक्ताबरोबर उतरतात असे ती गृहीत धरते. इतिहास पाहू लागलो की वेगळे दिसते. एका पिढीतील स्त्रीचे बळ, तिची बुद्धी, तिच्या हातातील कला दुसऱ्या पिढीकडे जावयाची तर ती कोणीतरी सोपवावी लागते आणि कोणीतरी घ्यावी लागते. सोपविण्याची सोय घरात नसेल तर कितीही मोठे कर्तृत्व एका आयुष्यात संपून जाते.

हे म्हणणे स्पष्ट व्हावे म्हणून प्रस्तुत लेखात तीन घराण्यांची हकीकत द्यावयाची आहे. पहिली दोन आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील असून तिसरे मुंबईचे आहे. त्यांचे काळ वेगळे, धर्म वेगळे, परिस्थितीही वेगळी. परंतु तिघांनाही एकच प्रश्न विचारावयाचा आहे : घराने आपल्या लेकीसुनांना काय दिले, आणि ते पुढच्या पिढीपर्यंत पोहोचले काय?

सिंदखेडचे घर

सिंदखेड राजा येथे आपल्या जिल्ह्यातील बहुतेक शाळांच्या सहली गेलेल्या आहेत. लखुजीराव जाधवांचा राजवाडा, मोती तलाव, आणि लखुजीरावांची भव्य समाधी विद्यार्थ्यांनी पाहिलेली असते. निजामशाहीतील मातब्बर सरदार लखुजीराव आणि म्हाळसाबाई यांच्या पोटी जिजाबाईंचा जन्म येथेच झाला. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतारीख म्हणून पाळली जाते आणि दरवर्षी त्या दिवशी येथे मोठा जनसमुदाय लोटतो.

हा काळ ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या निजामशाहीची चाकरी लखुजीराव करीत होते, तिच्या राजघराण्यातच एक माय आणि एक लेक राज्यकारभार करून गेल्या होत्या. १५६५ मध्ये हुसेन निजामशहाचा मृत्यू झाल्यावर त्याची बेगम खुंझा हुमायून हिने अल्पवयीन मुलाच्या नावाने काही वर्षे कारभार पाहिला. तिची कन्या चांदबीबी. तिने आधी विजापुरात आणि नंतर अहमदनगरात राज्य सांभाळले, आणि १५९५-९६ मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगरला वेढा घातला तेव्हा किल्ला लढविला. १६०० साली फितुरीच्या संशयावरून तिच्याच लोकांनी तिला ठार केले. म्हणजे जिजाबाई पाळण्यात होत्या तेव्हा चांदबीबी अहमदनगरात हयात होती. त्या काळच्या दख्खनमध्ये बाईने कारभार करणे कोणाला अगदीच अपरिचित नव्हते.

जिजाबाईंचा विवाह शहाजीराजे भोसले यांच्याशी झाला. शहाजी आणि त्यांचे बंधू शरीफजी ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या अवलियाच्या नावावरून ठेवली गेली, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे या घराण्यावर संकटे आली. १६२९ मध्ये लखुजीराव आणि त्यांचे पुत्र यांची दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात हत्या झाली. जिजाबाईंचे माहेर एका दिवसात उद्ध्वस्त झाले. पुढील वर्षी १९ फेब्रुवारीस शिवनेरी किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्याच सुमारास आदिलशाही फौजेने पुणे जाळून बेचिराख केले. शहाजीराजे पुढे दूर कर्नाटकात राहिले आणि पुण्याच्या जहागिरीत उरल्या त्या जिजाबाई आणि लहान मुलगा.

जिजाऊंनी मुलाला रामायण-महाभारतातील कथा सांगितल्या, एवढेच पाठ्यपुस्तकांतून बहुधा शिकविले जाते. ते खरेच आहे. पण कथा सांगणे हे त्यांच्या कामाचे एक अंग झाले. ओसाड पडलेले पुणे पुन्हा वसविणे, पळालेल्या रयतेला परत आणणे, जमिनी लागवडीखाली आणणे हे खरे मोठे काम होते आणि ते जिजाऊंच्या नजरेखाली झाले. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्यास गेले तेव्हा मागे राज्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक पाहून अवघ्या ११ दिवसांनी, १७ जून रोजी, पाचाड येथे त्यांचे निधन झाले.

जिजाऊंच्या पाठीमागे या घरात काय उरले, हे पाहिले पाहिजे. संभाजीराजांची पत्नी येसूबाई ही शिर्के घराण्यातील. ती लहान वयात सून म्हणून घरात आली तेव्हा आजेसासू जिजाऊ हयात होत्या. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजीराजांची हत्या झाली आणि मोगली फौज रायगडाकडे आली. येसूबाईंचा पुत्र शाहू त्या वेळी सात वर्षांचाही नव्हता. स्वतःच्या मुलाला पुढे करण्याचा मोह कोणाही मातेला झाला असता. परंतु येसूबाईंनी दीर राजाराम यांना राज्य चालविण्यासाठी गडाबाहेर पाठविले आणि आपण मुलासह गडावर राहिल्या. गड पडला. त्या कैद झाल्या आणि सुमारे ३० वर्षांनी, १७१९ मध्ये, त्यांची सुटका झाली.

राजाराम महाराजांची पत्नी ताराबाई ही मोहिते घराण्यातील, सेनापती हंबीररावांची कन्या. तिचा जन्म १६७५ चा, म्हणजे जिजाऊ गेल्यानंतरचा. १७०० मध्ये पती वारला तेव्हा ती २५ वर्षांची होती आणि मुलगा चार वर्षांचा. औरंगजेब स्वतः दख्खनमध्ये तळ देऊन होता. ताराबाईने सात वर्षे, १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू होईपर्यंत, लढा चालू ठेवला. मोगल पक्षाचा इतिहासकार खाफीखान यानेही तिच्या बुद्धीची आणि कारभाराची वाखाणणी केलेली आहे. शत्रूने दिलेली कबुली ही इतिहासात मोलाची मानली जाते.

जिजाऊ जाधवांच्या, येसूबाई शिर्क्यांच्या, ताराबाई मोहित्यांच्या. तिघींमध्ये रक्ताचे नाते नाही. त्या एकमेकींच्या आजेसासू, नातसून आणि जावा होत्या. म्हणून 'खाण तशी माती' ही म्हण येथे लागू पडत नाही. बाईने कारभार पाहावयाचा असतो, संकटात निर्णय घ्यावयाचा असतो, ही घराची रीत झाली होती. जिजाऊंनी ती पाडली आणि जिने जिजाऊंना कधी पाहिलेही नव्हते त्या ताराबाईपर्यंत ती पोहोचली.

तथापि एक उणीवही सांगितली पाहिजे. या घरात बाईच्या हाती काम आले ते बहुतेक वेळा पुरुष दूर गेल्यावर किंवा मारला गेल्यावर. घर सुरक्षित असते तर येसूबाई आणि ताराबाई यांची नावे आपणास कळली असती काय, ही शंका आहे. आणि औरंगजेबानंतर हेच बळ शाहू आणि ताराबाई यांच्या भाऊबंदकीत खर्ची पडले, हेही विसरता येत नाही.

बुलढाण्याचे घर

दुसरे घर खुद्द बुलढाण्याचे. काळ इंग्रजी अमलाचा. बापूजी हरी शिंदे हे येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते सभासद. त्यांची कन्या ताराबाई, जन्म १८५० च्या सुमारासचा. मुलीसाठी शाळेची सोय नव्हती तेव्हा वडिलांनी तिला घरीच शिकविले. मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीचीही तिला ओळख झाली. नवरा घरजावई म्हणून आला, त्यामुळे लग्नानंतरही ती वडिलांच्याच घरी राहिली. घरी वर्तमानपत्रे येत आणि ती वाचीत असे.

१८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचे नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती शिक्षा कमी करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सबंध स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली. बुलढाण्यात बसून ताराबाईंनी ते सर्व वाचले आणि उत्तरादाखल 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापले गेले. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांमध्ये तितकेच, किंबहुना अधिक असतात, आणि विधवेला पुन्हा लग्न करू न देणारी रूढी निर्माण कोणी केली, असा रोखठोक सवाल त्यात आहे. भाषा घरगुती, झणझणीत, आपल्या वऱ्हाडातील बाई रागावून बोलते तशी. आज स्त्रियांच्या हक्कांविषयी भारतात लिहिल्या गेलेल्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते आणि १९९४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला आहे.

एका हेडक्लार्कच्या घरातून हे घडले. त्याला जहागीर लागली नाही, संस्थान लागले नाही. बापाने मुलीला अक्षर दिले आणि घरात येणारे वर्तमानपत्र तिच्यापासून लपविले नाही, एवढ्यावर हे घडले.

पण पुढे काय झाले? पुस्तकावर टीका झाली. १८८५ मध्ये महात्मा फुले यांनी 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र झाले नाही. त्यांना मूलबाळ नव्हते. लिहिणारी दुसरी बाई त्या घरात झाली नाही, शेजारच्या घरातून कोणी ते पुस्तक उचलून पुढे नेले नाही. १९७५ मध्ये डॉ. स. गं. मालशे यांनी त्याची नवी आवृत्ती काढली, तोपर्यंत ९३ वर्षे ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते. या काळात बुलढाण्यात तीन-चार पिढ्यांतील मुली जन्मल्या, शिकल्या किंवा न शिकता राहिल्या, पण आपल्याच गावच्या एका बाईने असे पुस्तक लिहिले आहे हे त्यांतील बहुतेकींना कोणी सांगितले नाही.

वारसा तुटतो तो असा. ताराबाईंच्या बुद्धीत उणे काही नव्हते. उणे होते ते घेणारे हात.

मुंबईचे घर

तिसरे घर आपल्या समाजातील आहे आणि पिढ्यांचा हिशेब तेथे अगदी स्पष्ट दिसतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे.

तय्यब अली (१८०३-१८६३) हे मुंबईतील सुलेमानी बोहरा जमातीचे व्यापारी. लहानशा धंद्यापासून सुरुवात करून त्यांनी परदेशांशी व्यापार जोडला. घरची मूळ भाषा गुजराती. पुढे या कुटुंबाने उर्दू ही घरची भाषा म्हणून जाणीवपूर्वक स्वीकारली. त्यांचे पुत्र बद्रुद्दीन तय्यबजी (१८४४-१९०६) हे मुंबई हायकोर्टातील पहिले भारतीय बॅरिस्टर, १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामचे एक संस्थापक, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष आणि पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती. पक्षितज्ज्ञ सालीम अली हेही याच कुळातले. ही पुरुषांची नावे आपण ऐकून आहोत.

या घराची एक खास चाल होती. 'अखबार की किताब' नावाची एक मोठी वही घरात ठेवलेली असे. आजच्या अर्थाने ते वर्तमानपत्र नव्हे, तर घरची बातमीवही. कुटुंबाच्या शाखा वाढल्या तशा अशा वह्याही वाढल्या. अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर या मंडळींची सुट्टीत राहावयाची घरे होती, तेथेही वह्या असत. त्यांत कोण आले, कोण गेले, कोणाचे लग्न ठरले, कोण आजारी पडले, प्रवासात काय पाहिले, असे सर्व काही लिहिले जाई. आणि मुख्य गोष्ट ही, की लिहावयाचा अधिकार फक्त कर्त्या पुरुषाला नव्हता. घरातील बायका लिहीत, मुले लिहीत, मुलीही लिहीत. एकाने लिहिलेले दुसरा वाचे.

ज्या काळात आपल्याकडे मुलीला वाचावयास शिकवावे पण लिहावयास शिकवू नये, असे म्हणणारी मंडळी होती, त्या काळात ही चाल होती. वहीत लिहिणाऱ्या मुलीला तीन गोष्टी मिळतात. पाहिलेले शब्दांत मांडावयाची सवय लागते. आपले म्हणणे वडीलधारे वाचतात, असा विश्वास येतो. आणि आपल्या आधीच्या बायकांनी काय लिहिले ते वाचावयास मिळते. शाळेत न गेलेल्या बाईलाही ही शाळा होती.

मग शाळाही आली. १८७६ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजींनी आपल्या तीन मुलींना मुंबईत मिशनच्या शाळेत घातले आणि १९०४ मध्ये दोन मुलींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविले.

तय्यबजी कुळातीलच एका मातेच्या पोटी जन्मलेल्या फैझी भगिनी प्रसिद्ध आहेत : झेहरा, नाझली आणि अतिया. नाझली ही आपल्या कोकणातील मुरूड-जंजिरा संस्थानची बेगम झाली. अतियाचा जन्म १८७७ चा. १९०६ मध्ये ती शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी एकटी लंडनला गेली. तेथून ती घरी रोजनिशी लिहून पाठवी, ती मोठी बहीण झेहरा नीट लावून लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकाकडे धाडी, आणि हिंदुस्थानातील पडद्याआडच्या हजारो स्त्रियांना लंडनच्या शाळा, बागा, सभा यांची हकीकत वाचावयास मिळे. पुढे १९२१ मध्ये ती 'ज़माना-ए-तहसील' या नावाने पुस्तकरूपाने निघाली. प्रकृती बिघडल्यामुळे अतियाचा अभ्यासक्रम पुरा झाला नाही, १९०७ मध्ये ती परत आली. पदवी मिळाली नाही, तरी हाती आले ते वाया गेले नाही. १९०८ मध्ये तिघी बहिणींनी युरोपचा प्रवास केला आणि नाझलीने त्याचे प्रवासवर्णन उर्दूत लिहिले. १९१४ मध्ये अतियाचे भारतीय संगीतावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. घरच्या वहीत लिहावयाची सवय होती म्हणून लंडनहून लिहिता आले, हे सांगावयास नको. फाळणीनंतर ती कराचीस गेली आणि १९६७ मध्ये तेथेच वारली.

याच कुळातील अमीना हैदरी या हैदराबादेत राहत. १९०८ मध्ये मूसी नदीला महापूर आला तेव्हा त्यांनी केलेल्या मदतकार्याबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. घरातली हुशारी येथे घराबाहेरच्या उपयोगी पडली.

पुढची पिढी स्वातंत्र्यलढ्याची. बद्रुद्दीन यांचे पुतणे अब्बास तय्यबजी यांनी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात, गांधीजींना अटक झाल्यावर, ७६ व्या वर्षी नेतृत्व हाती घेतले. त्यांच्या पत्नी अमीना, बद्रुद्दीन यांच्या कन्या, या त्याच वर्षी गुजरातेत दारूच्या दुकानांवर निदर्शने करणाऱ्या स्त्रियांत पुढे होत्या. त्यांची मुलगी रेहाना (१९०१-१९७५) उत्तम गात असे. गांधीजींच्या प्रार्थनेत तिची भजने होत आणि गांधीजींना उर्दूचे धडेही तिने दिले. आईने निदर्शने केली, मुलीने गाणे आणि लेखन केले. वारसा घेणे म्हणजे आईचीच नक्कल करणे नव्हे, हे येथे दिसते.

त्यानंतरच्या पिढीत कमिला तय्यबजी (१९१८-२००४), बद्रुद्दीन यांची नात. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकून त्यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे वकिली केली. मायदेशी परतल्यावर १९६८ मध्ये मुंबईत 'विमेन्स इंडिया ट्रस्ट' ही संस्था काढली. गरीब, अल्पशिक्षित बायकांना शिवणकाम व इतर हातकामे शिकवून त्यांचा माल विकून देणे हे संस्थेचे काम. पुढे पनवेल येथे तिचे केंद्र उभे राहिले. कमिला यांच्या भावजय सुरय्या तय्यबजी यांनी १९४७ मध्ये राष्ट्रध्वजाच्या, विशेषतः त्यातील अशोकचक्राच्या, नमुन्यासाठी पतीसह काम केले. सुरय्या यांची कन्या लैला, जन्म १९४७ चा. १९८१ मध्ये आणखी पाच स्त्रियांबरोबर तिने दिल्लीत 'दस्तकार' ही कारागिरांची संस्था स्थापन केली. लखनौची चिकन काढणाऱ्या, पडद्यात राहून दलालाच्या दराने सुई चालविणाऱ्या बायकांना त्यांच्या कामाचा दाम मिळावा म्हणून तिने काम केले. २०१२ मध्ये तिला पद्मश्री मिळाली.

आत्याने कायदा सोडून शिवणयंत्र जवळ केले, भाचीने कशिदा काढणारणींची बाजू घेतली. पणजीच्या काळी घरच्या वहीपुरते असलेले लिहिणे आणि चौकटीत काढलेला कशिदा चौथ्या पिढीत परक्या, गरीब बायकांच्या पोटाला अन्न देण्यापर्यंत गेला. दर पिढीने हाती आलेल्या गोष्टीत थोडी भर घातली. शक्ती वाढते ती अशी.

आपले घर

यावर कोणी पालक म्हणतील, तय्यबजी श्रीमंत होते, त्यांना विलायत परवडली, आम्ही काय करावे? प्रश्न रास्त आहे. विलायत आपणास परवडणार नाही. पण वही परवडते. त्या घराची खरी पुंजी विलायतेच्या तिकिटात नव्हती, मुलीच्या हातात लेखणी देऊन तिचे लिहिलेले आदराने वाचण्यात होती. आणि श्रीमंतीच पुरेशी असती तर त्या काळच्या मुंबईतील प्रत्येक धनिकाच्या घरी अतिया आणि कमिला झाल्या असत्या. तशा त्या झाल्या नाहीत. उलट बुलढाण्याच्या हेडक्लार्कच्या घरी ताराबाई झाल्या.

मी नववीच्या वर्गात इतिहास शिकविताना विद्यार्थ्यांना आपल्या घरची वंशावळ लिहून आणावयास सांगतो. वडील, आजोबा, पणजोबा ही नावे बहुतेकांची बरोबर येतात. मग आजीच्या आईचे नाव विचारले की वर्ग गप्प होतो. घरी जाऊन विचारून या म्हटले, तर दुसऱ्या दिवशी मुले नावापेक्षा बरेच काही घेऊन येतात. कोणाची पणजी सुईण होती, गावातील निम्मी लेकरे तिच्या हातची. कोणाची आजी नवरा गेल्यावर तीन मुलांना घेऊन जिनिंगमध्ये कामाला जाई आणि संध्याकाळी मोहल्ल्यातील मुलींना कुराणशरीफचा सबक देई. कोणाच्या नानीने शिवलेली गोधडी अजून घरात आहे, तिचे टाके पाहून शिवणाऱ्या बाईंनी नमुना मागून नेला. हा आपल्या समाजाचा इतिहास आहे आणि तो कोठेही लिहिलेला नाही. या आज्या आहेत तोवरच तो विचारून घेता येईल.

दुसरी बाब अधिक निकडीची आहे. शाळा गावात असते तोवर आपली मुलगी शिकते. दहावी झाली, कॉलेज चिखलीला किंवा मलकापूरला, एस.टी.ने जावे लागणार, म्हटले की शिक्षण थांबते. पालकांची काळजी मी समजू शकतो. मुलीच्या जातीला जपावे लागते, असे ते म्हणतात आणि त्यांच्या मनात वाईट काही नसते. परंतु थांबते ते एका मुलीचे शिक्षण नसून तिच्यापुढील तीन पिढ्यांचे असते. जिच्या आईला अर्ज भरता येतो, तिची मुलगी अर्ज भरावयास भीत नाही. जिच्या आईने हिशेब ठेवला, तिच्या मुलीला दुकानदार फसवू शकत नाही. एका पिढीने सोडलेला धागा पुन्हा हाती यावयास किती काळ लागतो, हे ताराबाई शिंदे यांच्या पुस्तकाच्या ९३ वर्षांनी आपणास दाखविले आहे.

म्हणून पालकांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरच्या शजऱ्यात आजी, नानी, पणजी, आत्या, मावशी यांची नावे आणि त्यांचे काम लिहून ठेवावे. घरात एक जाड वही आणावी, तीत मुलांप्रमाणे मुलींनी आणि सुनांनीही लिहावे, आणि घरच्या कर्त्या माणसाने ती वाचावी. ज्यांना लिहिता येत नाही त्या आजीने सांगावे आणि नातीने लिहावे. सिंदखेडच्या घराने संकट आले तेव्हा बायकांच्या हाती कारभार दिला. आपण संकटाची वाट पाहू नये. घरचा हिशेब, बँकेचे पुस्तक, पेरणीच्या वेळचा सल्ला यांत मुलीला आणि तिच्या आईला आजच सामील करून घ्यावे. आणि कॉलेज लांब असेल तर चार घरच्या मुलींनी मिळून जाण्याची व्यवस्था पालकांनी एकत्र बसून करावी. एकट्या बापाला जे अवघड वाटते ते चार जणांना जमते.

विद्यार्थिनींनाही दोन शब्द. तुमच्या आजीला कदाचित सही येत नसेल, पण तिला जे येते ते तुम्हाला अजून येत नाही. तिच्याजवळ बसा. तिच्या हातची सुई, तिच्या तोंडच्या गोष्टी, दुष्काळात घर कसे चालविले याचा तिचा हिशेब, हे सर्व मागून घ्या. आजीला जे मिळाले नाही ते अक्षर तुम्हाला मिळाले आहे. दोन्ही तुमच्या हाती एकत्र आले तर तुमच्या मुलींना सुरुवात पहिल्या पायरीपासून करावी लागणार नाही. तुमच्या घरातील हे काम तुमच्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही.